वाहनातील पाळीव प्राण्यांचा उष्माघात

वाहनातील पाळीव प्राण्यांचा उष्माघात म्हणजे उभ्या किंवा चालत्या वाहनात साचलेल्या उष्णतेमुळे कुत्रा, मांजर, ससा, पिंजऱ्यातील पक्षी इत्यादी प्राण्यांच्या शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत वाढून त्यांचे अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था होय. मोटार, जीप, मालवाहू टेम्पो, रेल्वेचा डबा तसेच राहण्याची सोय असलेले मोटारहोम किंवा कॅरव्हॅन अशा सर्व वाहनांत ही अवस्था उद्भवू शकते. ती बहुतांशी टाळता येण्याजोगी असली, तरी एकदा उद्भवल्यावर फार वेगाने बळावते. महाराष्ट्रात नागपूर आणि एकूणच पूर्व विदर्भातील कोरड्या व तीव्र उन्हाळ्यामुळे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. याच कोरड्या हवेमुळे बाष्पीभवनावर आधारलेले गारव्याचे उपायही या भागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक परिणामकारक ठरतात.

नागपूरचा उन्हाळा

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, दोन्ही समुद्रकिनाऱ्यांपासून दूर वसलेले आहे. समुद्राचा तापमान समतोल राखणारा प्रभाव येथे पोहोचत नसल्याने मार्चच्या मध्यापासून तापमान झपाट्याने चढू लागते. मे महिन्यात कमाल तापमानाची सरासरी ४२ ते ४३ अंश सेल्सिअस असते, तर किमान तापमानाची सरासरी २८ अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे दिवसभर तापलेली घरे, रस्ते आणि वाहने रात्रीही पुरेशी थंड होत नाहीत. मे २०१३ मध्ये शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवल्याने देशभर खळबळ उडाली. मात्र ही नोंद संवेदकातील बिघाडामुळे झाल्याचे भारतीय हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले.

हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट, तर त्याहून अधिक फरक असल्यास तीव्र लाट मानली जाते. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेल्यास लाट आणि ४७ अंशांवर गेल्यास तीव्र लाट जाहीर करता येते. विदर्भात हे निकष बहुतेक वर्षी पूर्ण होतात.

सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरच्या पहिल्या नऊ दिवसांना लोकव्यवहारात ‘नवतपा’ म्हणतात. हा काळ साधारणपणे २५ मे ते २ जून असा येतो. नागपूरचे अक्षांश सुमारे २१.१५ अंश उत्तर असल्याने मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य शहराच्या थेट डोक्यावर असतो आणि २६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. या दिवसांत वाहनाच्या खिडक्यांपेक्षा त्याच्या छतावर अधिक ऊन पडते. लांब-रुंद व सपाट छताच्या मोटारहोमच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरते.

शरीरक्रिया

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. मांजराचेही जवळपास तेवढेच असते. पक्ष्यांचे तापमान याहून अधिक, बहुधा ४० अंशांच्या वर असते. माणसाच्या सर्वांगावर घामाच्या ग्रंथी असतात व घामाच्या बाष्पीभवनाने त्याचे शरीर निवते. कुत्र्या-मांजरांत घाम येण्याची क्रिया मुख्यतः पंजांच्या तळव्यांपुरती मर्यादित असून शरीर थंड ठेवण्यात तिचा वाटा अल्प असतो. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेव्हा तोंड, नाक व श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन होऊन उष्णता बाहेर पडते. मांजर अंग चाटून लाळेच्या बाष्पीभवनाचा उपयोग करते. मांजराला कुत्र्यासारखी धाप लागणे हे सहसा गंभीर त्रासाचे लक्षण असते. सशाची उष्णता मुख्यत्वे कानांतील रक्तवाहिन्यांवाटे बाहेर पडते. पक्षी चोच उघडी ठेवून व पंख अंगापासून दूर धरून शरीर निववतात.

भोवतालची हवा शरीरापेक्षा थंड असेल, तोपर्यंत वाऱ्याने व उत्सर्जनानेही शरीराची उष्णता कमी होते. हवेचे तापमान ३९ अंशांच्या वर गेले की हा मार्ग उलटतो आणि हवा शरीराला तापवू लागते. ४४ अंशांच्या दुपारी कोरड्या अंगाच्या प्राण्यावर सोडलेला पंख्याचा झोत त्याला थंड करण्याऐवजी आणखी तापवू शकतो. अशा वेळी बाष्पीभवन हाच उष्णता बाहेर टाकण्याचा एकमेव परिणामकारक मार्ग उरतो. एक ग्रॅम पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणूनच ओल्या अंगावरचा वारा उपकारक ठरतो.

धापा टाकण्याची क्रिया दोन गोष्टींवर अवलंबून असते: शरीरात पुरेसे पाणी असणे आणि भोवतालची हवा कोरडी असणे. बंद वाहनात प्राण्याच्याच उच्छ्वासाने हवा दमट होत जाते. त्यामुळे तापमान वाढत असतानाच शरीर निवण्याची क्षमता घटते. धापा टाकण्यासाठी श्वसनाच्या स्नायूंना करावे लागणारे श्रमही शरीरात उष्णता निर्माण करतात.

उभ्या वाहनातील उष्णता

सूर्यप्रकाश काचांतून आत येतो व आसने, डॅशबोर्ड यांसारख्या गडद पृष्ठभागांत शोषला जातो. हे तापलेले पृष्ठभाग आतील हवा तापवतात आणि बंद काचांमुळे ती हवा बाहेर पडू शकत नाही. याविषयी कॅथरिन मॅक्लॅरेन, जॅन नल आणि जेम्स क्विन यांचा २००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास वारंवार उद्धृत केला जातो. बाहेरचे तापमान सुमारे २२ ते ३६ अंश सेल्सिअस असलेल्या दिवशी त्यांनी उन्हात उभ्या मोटारीचे आतील तापमान मोजले. एका तासात ते सरासरी २२ अंशांनी वाढले आणि त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने या वाढीत लक्षणीय फरक पडला नाही. गाडी बंद करण्यापूर्वी वातानुकूलन यंत्राने आतील हवा थंड केल्यास वाढ केवळ काही मिनिटे पुढे ढकलली गेली.

नागपूरमध्ये मार्चच्या सकाळी बाहेर ३० अंश तापमान असले, तरी उन्हात उभी केलेली बंद मोटार अर्ध्या-पाऊण तासात ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकते. मे महिन्यात बाहेरची हवाच प्राण्याच्या शरीरापेक्षा उष्ण असते. अशा वेळी काचा पूर्ण उघड्या ठेवून गाडी सावलीत उभी केली, तरी आत बांधून ठेवलेल्या प्राण्याला ती जागा सुरक्षित नसते. सावलीमुळे वाहनावर पडणारे थेट ऊन टळते; हवेचे तापमान कमी होत नाही.

मोटारहोममधील परिस्थिती

स्वयंपाक, झोप व स्वच्छता यांची सोय असलेल्या वाहनाला मोटारहोम, कॅरव्हॅन किंवा फिरते घर म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. मुक्कामाच्या ठिकाणी पाळीव प्राण्यांना प्रवेश मिळेलच याची खात्री नसल्याने प्राण्यासह लांबचा प्रवास करू इच्छिणाऱ्या कुटुंबांना अशी वाहने सोयीची वाटतात. मात्र ‘घर’ म्हणून वापरले जात असले, तरी उष्णतेच्या बाबतीत मोटारहोम हे वाहनच राहते. त्याच्या भिंती पातळ असतात, छत उघडे असते आणि पुढच्या भागात मोठी काच असते. विटा-मातीच्या भिंती उष्णता आत पोहोचण्यास जो विलंब लावतात, तो येथे मिळत नाही.

उष्णतानिरोधक थर बसवलेले मोटारहोम साध्या मोटारीपेक्षा सावकाश तापते. परंतु एकदा तापल्यावर तोच थर उष्णता आत धरून ठेवतो व रात्रीही ते उशिरा निवते. पांढऱ्या किंवा फिकट रंगाचे छत गडद छतापेक्षा कमी तापते. छतावर थोडे अंतर सोडून बसवलेली सौर पटले किंवा ताणलेली हिरवी जाळी थेट ऊन अडवतात आणि मधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळती राहते. पुढच्या काचेला आतून लावलेल्या पडद्यापेक्षा बाहेरून घातलेले परावर्तक आच्छादन अधिक उपयोगी असते, कारण ते ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडवते. छतातील झरोक्याला बाहेर हवा फेकणारा पंखा असल्यास वर साचलेली गरम हवा निघून जाते व खालच्या खिडक्यांतून नवी हवा आत येते.

गाडी उभी करताना सूर्याची दिशा लक्षात घ्यावी लागते. मेमधील दुपारी तीन ते पाच या वेळेत ऊन पश्चिमेकडून व बऱ्याच उंचीवरून येते. सकाळी सावलीत असलेली जागा तेव्हा पूर्ण उन्हात येऊ शकते. वड, कडुनिंब, चिंच यांसारख्या दाट पर्णसंभाराच्या झाडांखालील सावली पत्र्याच्या छपराखालील सावलीपेक्षा थंड असते, कारण तापलेला पत्रा स्वतःच खाली उष्णता फेकत असतो.

मोटारहोममधील सर्वांत मोठा धोका म्हणजे गारव्याच्या एकाच साधनावर विसंबून प्राण्याला एकटे ठेवणे. वीजपुरवठा खंडित होणे, बॅटरी उतरणे, जनित्रातील इंधन संपणे किंवा अति तापल्याने वातानुकूलन यंत्र आपोआप बंद पडणे यांपैकी काहीही घडल्यास वाहनाचे तापमान थोड्याच वेळात वाढू लागते. विदर्भात मे-जूनमधील वादळी वाऱ्यांच्या वेळी वीज जाणे सामान्य आहे. भ्रमणध्वनीवर सूचना पाठवणारे तापमापक यंत्र उपलब्ध असले, तरी ते फक्त इशारा देते आणि जंगलालगतच्या भागांत संपर्क-जाळे नसल्यास तोही पोहोचत नाही. वाहनापर्यंत काही मिनिटांत पोहोचू शकेल अशी व्यक्ती जवळ असणे, हीच खरी सुरक्षितता ठरते. जनित्र वापरताना त्याचा धूर वाहनात शिरणार नाही याचीही काळजी घ्यावी लागते. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन व गंधहीन असून बंद जागेत प्राणघातक असतो.

गारव्याची साधने

कुलर: नागपूर व विदर्भातील घरोघरी आढळणारा कुलर बाष्पीभवनाच्या तत्त्वावर चालतो. गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत राहते आणि पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून आत खेचतो. हवेचे तापमान ४४ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ ते २० टक्के असताना आर्द्र-बल्ब तापमान सुमारे २३ ते २५ अंश असते. सुस्थितीतील कुलर हवेला या मर्यादेच्या बराच जवळ नेऊ शकतो. कुलरला सतत नवी कोरडी हवा मिळणे व आतील दमट हवेला बाहेर जाण्याची वाट असणे आवश्यक असते. बंद वाहनात ठेवलेला कुलर थोड्याच वेळात केवळ दमटपणा वाढवतो आणि प्राण्याच्या धापा टाकण्याचा उपयोग कमी करतो. जूनच्या मध्यानंतर पावसाची हवा येताच कुलरचा परिणाम ओसरतो.

साधा कुलर सुमारे १५० ते २०० वॅट वीज घेतो. एक टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भारावर एक ते दीड किलोवॅट घेते. त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या मोटारहोममध्ये कोरड्या दिवसांत कुलर अधिक काळ चालवता येतो. त्यासाठी पाण्याचा भरपूर साठा मात्र लागतो. पाणी आणि वीज एकत्र असल्याने कुलरमध्ये विद्युतप्रवाह उतरण्याचा धोका असतो. धातूच्या टाकीला तोंड लावणाऱ्या किंवा वायर चावणाऱ्या प्राण्याला झटका बसू शकतो. भूसंपर्क तार जोडलेली असणे, गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवणे आणि टाकीत पाणी भरताना खटका बंद ठेवणे हे आवश्यक मानले जाते.

पारंपरिक उपाय: खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडणे, फरशीवर ओले पोते अंथरणे आणि पिण्यासाठी मातीच्या भांड्यात पाणी ठेवणे या रीती जुन्या आहेत. मातीच्या सच्छिद्र भांड्यातून पाणी झिरपून त्याचे बाष्पीभवन होत असल्याने आतील पाणी गार राहते. ओले पोते प्राण्याला बसण्यासाठी खाली अंथरल्यास उपयोग होतो. अंगावर पांघरल्यास ते लवकरच शरीराच्या उष्णतेने गरम होते व वारा अडवते.

प्राणिसंग्रहालयांतील उदाहरण: पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील महाराजबाग प्राणिसंग्रहालयात उन्हाळ्यात पिंजऱ्यांजवळ कुलर लावणे, हिरव्या जाळ्या बांधणे व पाण्याचे फवारे मारणे असे उपाय केले जातात. सावली, ओलावा आणि खेळती हवा या तिन्हींचा एकत्र वापर हे या पद्धतीचे सूत्र असून तेच वाहनालाही लागू पडते.

प्रवासाचे नियोजन

उन्हाळ्यात प्रवास पहाटे सुरू करून सकाळी दहापूर्वी मुक्कामी पोहोचणे किंवा सूर्यास्तानंतर निघणे श्रेयस्कर असते. प्राणी चढवण्यापूर्वी वाहनाची दारे उघडून गरम हवा बाहेर जाऊ देणे आणि आसनांचे व पिंजऱ्याचे तापमान हाताने तपासणे आवश्यक असते. वातानुकूलनाचा झोत चालकाच्या भागात पुरेसा वाटत असला, तरी मागच्या बाजूस ठेवलेल्या पिंजऱ्यापर्यंत तो पोहोचतोच असे नाही. पिंजरा सर्व बाजूंनी हवेशीर असावा व त्यावर सामान रचू नये. प्रौढ कुत्र्याला एरवी दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. उष्णतेत ही गरज बरीच वाढते.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण लांबीत वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग प्रवेश-नियंत्रित असल्याने हवे तेथे थांबून सावली किंवा पाणी शोधता येत नाही. त्यामुळे वाहन बंद पडल्यास उपयोगी पडेल इतके पाणी, सावलीसाठी कापड व हातपंखा सोबत ठेवावा लागतो. थांब्यावर प्राण्याला खाली उतरवताना जमिनीचे तापमान पाहणेही महत्त्वाचे असते. दुपारच्या उन्हातील डांबर ६० अंशांपेक्षा अधिक तापू शकते व त्यामुळे पंजे भाजतात. हाताची मागची बाजू पाच ते सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता प्राण्याला चालण्यायोग्य नसतो.

नागपूर परिसरातील पर्यटनाचे एक वैशिष्ट्य या संदर्भात धोक्याचे ठरते. ताडोबा-अंधारी व पेंच व्याघ्र प्रकल्पांत पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात अधिक असल्याने एप्रिल-मे महिन्यांत तेथे गर्दी असते. व्याघ्र प्रकल्पांच्या जंगलात पाळीव प्राणी नेता येत नाहीत, आणि सफारीची फेरी काही तास चालते. त्यामुळे सोबत आणलेला कुत्रा प्रवेशद्वाराजवळ उभ्या वाहनात ठेवण्याचा मोह होतो. फेरी सुरू झाल्यावर मध्येच परतणे शक्य नसल्याने हा पर्याय प्राणघातक ठरू शकतो. अशा सहलीत कुटुंबातील एकाने प्राण्यासोबत मागे थांबणे किंवा प्राण्याला नागपुरातच सांभाळण्याची व्यवस्था करणे हेच सुरक्षित पर्याय आहेत. विदर्भातील थंड हवेचे ठिकाण असलेले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथील तापमान मैदानी भागापेक्षा कमी असते. मात्र तेथे पोहोचण्यापूर्वीचा प्रवास तापलेल्या मैदानातूनच करावा लागतो.

रेल्वेने जाताना वातानुकूलित प्रथम वर्गातील संपूर्ण कक्ष आरक्षित केल्यास कुत्र्याला सोबत नेता येते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत ठेवावे लागते. ही पेटी वातानुकूलित नसल्याने एप्रिल ते जूनमध्ये, विशेषतः दिवसाच्या गाडीने, तिचा वापर जोखमीचा असतो.

अधिक धोका असलेले प्राणी

पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांसारख्या आखूड नाकाच्या जातींचा श्वसनमार्ग अरुंद असल्याने धापा टाकून उष्णता बाहेर टाकण्याची त्यांची क्षमता जन्मतःच कमी असते. हीच मर्यादा पर्शियन मांजरांनाही असते. सायबेरियन हस्की, सेंट बर्नार्ड या शीत प्रदेशातील दाट केसांच्या जाती, स्थूल प्राणी, पिल्ले, म्हातारे प्राणी तसेच हृदय व श्वसनाचे विकार असलेले प्राणी यांनाही अधिक धोका असतो. उष्णतेची सवय होण्यास शरीराला काही आठवडे लागतात. त्यामुळे पुण्यासारख्या तुलनेने सौम्य हवामानातून मे महिन्यात थेट नागपूरला आणलेला कुत्रा स्थानिक कुत्र्यापेक्षा लवकर त्रासात सापडतो. स्थानिक गावठी कुत्री या हवामानाला अधिक सरावलेली असली, तरी बंद वाहनात तीही सुरक्षित नसतात.

ससे ३० अंशांच्या आसपासच अस्वस्थ होऊ लागतात. छोट्या पिंजऱ्यातील बजरीगरसारख्या पक्ष्यांना खिडकीतून येणारे थेट ऊन काही मिनिटांत घातक ठरू शकते. भारतीय जातींचे पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बेकायदेशीर आहे.

ब्रिटनमधील रॉयल व्हेटरनरी कॉलेज व नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ सालच्या सुमारे नऊ लाख कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार उष्णतेच्या विकाराने पीडित सातांपैकी सुमारे एका कुत्र्याचा मृत्यू झाला. सुमारे तीन-चतुर्थांश घटनांचे कारण उष्ण हवेतील व्यायाम हे होते. वाहनात अडकल्याच्या घटना सुमारे पाच टक्के होत्या. यावरून वाहन सुरक्षित ठेवणे पुरेसे नसून मुक्कामावर पोहोचल्यावर प्राण्याला उन्हात पळवणे, चेंडू खेळवणे किंवा दुचाकीमागे धावायला लावणे टाळणेही तितकेच आवश्यक असल्याचे दिसते.

लक्षणे

प्रारंभी प्राणी अस्वस्थ होतो, जोरजोराने व न थांबता धापा टाकतो, जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ घट्ट व चिकट होते आणि हिरड्या गडद लाल दिसतात. पुढे चाल लटपटते, हाक मारल्यास प्रतिसाद मिळत नाही, उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होतात. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास किंवा वर गेलेले असते. शेवटच्या टप्प्यात हिरड्या फिक्या किंवा निळसर पडतात, झटके येतात व प्राणी बेशुद्ध होतो. धापा अचानक थांबणे हे सुधारणेचे नव्हे, तर शरीर थकल्याचे लक्षण असू शकते. आत मेंदू, मूत्रपिंड, यकृत व आतडी यांना इजा होते आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडते. हे परिणाम एक ते तीन दिवसांनीही प्रकट होऊ शकतात. म्हणून प्राणी सावरलेला दिसला, तरी पशुवैद्यकाकडून तपासणी आवश्यक असते.

प्रथमोपचार

उष्माघातात उपचारास झालेला विलंब निर्णायक ठरतो. इस्राएलमध्ये ५४ कुत्र्यांच्या नोंदींवर आधारलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्मे कुत्रे दगावले. रुग्णालयात पोहोचण्यास दीड तासापेक्षा अधिक वेळ लागलेल्यांत धोका वाढलेला आढळला. प्राण्याला आधी थंड करणे व मग रुग्णालयात नेणे, हे सूत्र आता स्वीकारले गेले आहे. प्रथमोपचाराचा क्रम पुढीलप्रमाणे असतो:

१. प्राण्याला तत्काळ वाहनातून काढून सावलीत, शक्यतो थंड खोलीत न्यावे. पट्टा व मुसके सोडावे.
२. अंगावर, विशेषतः पोट, काखा व जांघांवर भरपूर पाणी ओतावे व त्याच वेळी वारा घालावा. तरुण व एरवी निरोगी कुत्र्याला डोके वर धरून थंड पाण्याच्या टबात ठेवता येते. म्हाताऱ्या किंवा आजारी प्राण्यासाठी ओले अंग व वारा ही पद्धत योग्य ठरते.
३. नळाचे पाणी आधी तपासावे. मे महिन्यात गच्चीवरील टाकीतून येणारे पाणी खूप गरम असू शकते. तेव्हा माठातील किंवा साठवणीच्या हौदातील पाणी वापरावे.
४. शुद्धीवर असल्यास प्राण्याला आपणहून थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते फुप्फुसांत जाऊ शकते.
५. तापमापक असल्यास गुदद्वारातील तापमान मोजत राहावे. ते ३९.५ अंशांच्या जवळ येताच पाणी ओतणे थांबवावे, अन्यथा तापमान प्रमाणाबाहेर घसरते.
६. पशुवैद्यकाला दूरध्वनीने पूर्वसूचना देऊन निघावे. वाटेत वाहनाच्या काचा उघड्या ठेवाव्यात किंवा वातानुकूलन चालू ठेवावे.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून तापमान उलट वाढते, हा समज जुना असून वर उल्लेखलेल्या पद्धतीने थंड करण्यास तो अडसर ठरू नये. माणसांची तापाची औषधे देणे मात्र धोकादायक आहे. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषारी असते, आणि उष्माघातातील तापमानवाढ ही तापासारखी नसल्याने अशा औषधांनी ती उतरतही नाही. दुहेरी केसांच्या जातींचे केस मुळापासून भादरणेही योग्य नाही, कारण त्यामुळे कातडीवर थेट ऊन पडते. आतील सुटलेले केस विंचरून काढणे पुरेसे असते.

पशुवैद्यकीय संस्था

नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना १९५८ मध्ये झाली. ते महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न असून या विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. उष्णतेने अशक्त झालेल्या वन्य पक्षी व प्राण्यांसाठी सेमिनरी हिल्स येथे वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर कार्यरत आहे.

कायदेशीर तरतुदी

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे तसेच मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी मूळ अधिनियमातील दंड १० ते ५० रुपये इतकाच असून त्याच्या अपुरेपणावर टीका होत आली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार खोडसाळपणे प्राण्याला ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. प्राणी प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र घेणे आणि लांबच्या प्रवासात उन्हाळ्यात दर चार तासांनी, तर हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी देणे त्यात बंधनकारक केले आहे. ओझी वाहणाऱ्या व गाडीला जुंपल्या जाणाऱ्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांनी ३७ अंशांहून अधिक तापमान असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत काम करून घेण्यास मनाई केली आहे. नागपूरमध्ये ही मर्यादा मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत बहुतेक दुपारी ओलांडली जाते. बैलाला विश्रांती देण्यासाठी कायद्याने ठरवलेली हीच वेळ वाहनातील पाळीव प्राण्यासाठीही सर्वाधिक धोक्याची असते.

हेही पहा

उष्माघात
उष्णतेची लाट
नागपूर
नवतपा
वाळा
ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ